कापूस, सीडी अन् खरखर

बंद करा, बंद करा म्हणता म्हणता भाऊजीची बोटं सीडी पिलेअरच्या बटनावरून घसरत होती अन् आवाज काही बंद होत नव्हता. कर्रर्र, मंग टक टक टक, मंग पुन्हा कर्रर्र, जसं कोणी पत्र्यावर खिळा ओढून राह्यलं. सासूच्या हातातलं सूप पडलं, तुरीची डाळ सांडली, दारातलं कुत्रं पळालं, शेजारची काकू भिंतीवरून डोकावली, काय झालं वो म्हणून. सगळ्याईचे हात कानावर, माहे बी. अन् माहा पियुष, नुकताच चालायले लागलेला, स्पीकरच्या डब्ब्याले पोट लावून उभा. तो दचकला नाई, रडला नाई, मागं वळला नाई. त्यानं आपल्या तळहातानं डब्ब्यावर दोन चापटा मारल्या अन् माह्याकडं पाह्यलं, जसं विचारून राह्यला, मा, गाणं काऊन थांबलं?

गाणं थांबलं नव्हतं जी. सारी गल्ली ऐकून राह्यली होती. नुसतं त्यातलं ढम ढम थांबलं होतं. त्याच्यासाठी गाणं म्हणजे तेवढंच होतं.

मी कानावरचे हात काढले. तो आवाज डोक्यात शिरत होता, पण मले आता तो ऐकूच येत नव्हता, मी पोराच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. भाऊजीनं, म्हणजे माह्या लहान्या देवरानं, शेवटी बोर्डातून वायर उपटली. एकदम सामसूम झाली. मंग सगळे एकदाच बोलायले लागले. सीडी खराब निघाली. नाई, दुकानदारानं फसवलं. नाई नाई, मशीनच डुप्लिकेट आहे. पोराकडं कोणी पाह्यलं नाई.

यंदा बी मधली खोली कापसानं भरली आहे, म्हणून हे सगळं आठवून राह्यलं. आमच्या नाचणगावात सीतादही झाली, वावरात पयल्या बोंडाजवळ दहीभात ठेवला, की वेचणी लागते. अन् वेचणी लागली की माणसं बाहीर अन् कापूस घरात. चांगला भाव येईपर्यंत तो आमच्यासंगच राह्यते, अन् पाहुण्यासारखा नाई, मालकासारखा राह्यते. आढ्यापर्यंत ढीग लागतो. खोलीत शिरलं की गरम लागते, सरकीचा तेलकट वास येते, अंगाले खाज सुटते, हातावर लाल पुरळ उठते. चहात रुई, भाजीत रुई, लेकराच्या पापण्याईवर रुई. माहं वय पंचवीस बी नाई, पण या दिवसात आरशात पाह्यलं की केसाईवर रुई बसलेली म्हातारी दिसते. लोकं म्हणतात, कापूस घरात आला की लक्ष्मी आली. येत असंन. मी तं तो वास आला की नाकाले पदर लावते.

अन् एक गोष्ट आहे त्या खोलीची. तिथं बोललेलं बाहीर जात नाई. कापूस सगळा आवाज पिऊन घेते. भांडण झालं की मी तिथंच जाते रडायले, कोणाले कळत नाई. आमच्या गावात किती बाया अशा कापसात तोंड खुपसून रडल्या असतीन, देवालेच माहीत, अन् मंग तोच कापूस गाडीत भरून जिनिंगात जाते.

यंदा पाळण्यात माही पोरगी आहे. ताटली पडली, कडी वाजली, फटाका फुटला की मी काम टाकून पयले तिच्याकडं पाहते. ती दचकते. दोन्ही मुठी वर करते, ओठ बाहीर काढते अन् भोकाड पसरते, अन् मले हासू येते, जोरात, थांबतच नाई. सासू म्हणते, लेकरू भेलं अन् हे हासून राह्यली, अशी कशी माय आहे. म्हणू दे. तिले रोज दचकताना पाह्यल्याशिवाय मले घास गिळत नाई. कधी एखाद्या आवाजाले ती गाढ झोपेत राह्यली तं मी मुद्दाम भांडं आपटते, अन् शिव्या खाते.

त्या वर्षी मात्र मले काहीच माहीत नव्हतं. मी नववीतून शाळा सोडलेली, आष्टीकडची पोरगी, लग्न होऊन इकडं आली, वर्षाच्या आत पोटुशी राह्यली. लेकरू कसं वाढते, कधी वळते, कधी बोलते, हे कोणाले विचाराव? सासरे माह्या लग्नाच्या आधीच वारलते, घरात सासूचंच चाले. तिनं म्हणलं पोट्टे उशिरा बोलतात, याचा बाप बी उशिराच बोलला, तं मी म्हणलं असंन.

त्या दिवाळीले भाऊजीनं पुलगावातून सीडी पिलेअर आणला अन् दोन मोठे डब्बे. त्याचं लग्न पाहून राह्यले होते. सोयरे येतीन, घर पाहतीन, तं घरात काहीतरी दिसलं पाह्यजे, असं त्याचं म्हणणं. लायटीचा चांगला बोर्ड मधल्या खोलीतच होता, म्हणून पिलेअर तिथंच फळीवर, कापसाच्या ढिगाले लागून. गाणं लागलं की पियुष जिथं असंन तिथून फळीकडं पळे, डब्ब्याले पोट चिकटवे, अन् मंग ढुंगण हालवून नाचे. शेजारच्या बाया मुद्दाम पाहायले येत. पाहा वो कसा नाचते, आतापासूनच गाण्याचा शौक आहे, काकावर गेला. मी बी हासो. नजर लागू नये म्हणून त्याच्या गालाले काजळाचा ठिपका लावो.

मंग ती खरखर सुरू झाली अन् सारं घर तिच्या मागं लागलं. मी असा इलाज कोणत्याच आजारी माणसाचा होताना पाह्यला नाई. पयले सीडी पदरानं पुसली, गोल गोल, जशी थाळी पुसतात. खरखर वाढली. मंग कोणीतरी सांगितलं, टूथपेस्ट लावा, चरे भरून निघतात. टूथपेस्ट लावली, धुतली, उन्हात वाळवली. मंग कोणी म्हणे रॉकेलचा बोळा फिरवा. तो फिरवला. सीडीले रॉकेलचा वास अन् आवाज तोच. मंग म्हणे मशीन थरथरते, खाली गोधडी टाका. गोधडी टाकली. वर जड काही ठेवा म्हणे, तं पाटा ठेवला वर. वावरातले पंप सुरू झाले की लाइट मंद होये अन् डब्ब्यातून घूं घूं निघे, तं कोणी म्हणे सगळा करंटचाच दोष आहे. सासूनं एकदा लिंबू-मिरची बी बांधली फळीले.

भाऊजी होता डोकेबाज. तो म्हणे, असं अंदाजानं नाई होत वैनी, एकेक करून पाह्यलं पाह्यजे. ही सीडी शेजारच्याच्या पिलेअरवर लावून पाहू, त्याची सीडी आपल्यावर. तिकडं बी खरखर आली तं सीडी खराब, नाई आली तं मशीन. वायर हालवली अन् खरखर बदलली तं वायर. एकच डब्बा लावून पाहू, मंग दुसरा. मी चुलीपाशी भाकरी थापत सगळं ऐको. हात पिठात, अन् डोळ्यातून पाणी, धुराचं म्हणून खपून जाये.

कारण मी बी तेच करून राह्यली होती. एकेक करून पाहत होती. पोराच्या मागून जाऊन हाक मारली, नाई वळला. उजवीकडून मारली, नाई. डावीकडून मारली, नाई. झाकण आपटलं, नाई. पाय आपटला, वळला. माह्या जिवात जीव आला. मंग गोधडीवर बसवून पाय आपटला, नाई वळला. म्हणजे ती जमीन हालत होती, कान नाई. माही सावली पडली की वळे, दिवा लावला की वळे, फोडणीचा वास आला की वळे. इतकं हुशार लेकरू, सगळ्या बाजूनं आमच्याकडं पाहत होतं, म्हणून आम्हाले वाटत राह्यलं की ऐकते.

सगळे वावरात गेले की मी तीच सीडी लावो, तीच, खरखरणारी. आवाज पूर्ण वाढवो. पोराले डब्ब्यापासून दूर, गोधडीवर, पाठ करून बसवो. अन् त्याच्या मानेकडं पाहत उभी राहो. नुसती मान जराशी हालली असती तं मी वाटली असती साखर गावभर. शेजारची काकू भिंतीवरून म्हणे, तुले येड लागलं काय वो, सारे तो आवाज बंद करून राह्यले अन् तू लावून बसतं. तिले काय सांगाव? साऱ्या गावात त्या आवाजाची गरज मलेच होती.

एक दिवस वेचणीत मी पियुषच्या बाबाले सांगितलं. दोघाईच्या कमरेले ओट्या बांधलेल्या, कापसानं फुगलेल्या, समोरासमोर दोन पोटुश्या बाया उभ्या राहाव तसे आम्ही. मी म्हणलं, पोराले ऐकू येत नाई. माणूस वाईट नाई तो. बोंडात हात तसाच राह्यला त्याचा. मंग म्हणे, कोणाले बोलू नको आत्ता. मी म्हणलं, वर्ध्याले मोठा दवाखाना आहे, दाखवू. तो म्हणे, हो, दाखवू ना, मी कुठं नाई म्हणतो. अन् पुन्हा वेचायले लागला, जरा जास्तच भरभर.

रातच्याले नाई, भर दुपारी, सगळ्याईच्या समोर सासूनं मले मधल्या खोलीत बोलावलं. तिले कळलं होतं, लेकानंच सांगितलं असंन. ती ओरडली नाई. ओरडली असती तं मी बी ओरडली असती. ती माह्या केसातली रुई काढत बोलली, एखादी माय बोलते तसं.

"साक्षगंध होऊ दे माय, सुपारी फुटू दे. मंग जिथं न्यायचं तिथं नेजो. आता तोंडातून शब्द निघाला तं पोरीवाले म्हणतीन, याईच्या रक्तातच खोट आहे. एका लेकराचं जे व्हायचं ते झालं, दुसऱ्याचं काऊन बिघडवतं?"

दुसरं लेकरू म्हणजे भाऊजी. मिशा फुटलेलं, सीडी घासणारं लेकरू. अन् जे व्हायचं ते झालं, ते माहं.

मी म्हणलं, आत्याबाई, त्याले डाक्टरनं तं पाह्यलं बी नाई अजून. तं ती म्हणे, कापूस विकला जाऊ दे, साक्षगंध होऊ दे, मंग पाहू. मले कळलं होतं, मंग लगन होऊ दे म्हणन, मंग नव्या सुनेचं लेकरू होऊ दे म्हणन. आमच्याकडं बाईच्या गोष्टीले हंगाम कधी येतच नाई.

मशीनीले मात्र आला. संक्रांतीच्या तोंडावर भाऊजीनं तिले सायकलवर बांधून पुलगावच्या मेकॅनिककडं नेलं अन् हासत हासत वापस आला. तिच्या पोटात कापूस निघाला म्हणे. समईच्या वातीएवढा. ज्या बारीक भिंगातून ती सीडी वाचते, त्याच्यावरच रुई बसलेली. फुकरी मारून पुसलं, झालं. सारी गल्ली हासली. आपल्याकडं मशीन बी कापूसच खाते, काकू म्हणे, तरी बरं सरकी नाई मागितली. सीडी बिचारी चांगलीच होती. जिचा काही दोष नव्हता तिलेच घासून घासून, टूथपेस्ट लावून, रॉकेल लावून कायमची खराब करून टाकली होती. मी हासली नाई. मले ती सीडी ओळखीची वाटली.

पण खोटं काऊन बोलू, त्या क्षणाले माह्या मनात एक येडी आशा उठली. मी पियुषले उचललं अन् आंगणात उन्हात नेलं. याच खोलीत झोपते तो बी, याच ढिगावर लोळते. याच्या बी कानात रुईच गेली असंन. मी त्याचं डोकं मांडीवर आडवं धरलं, कान ओढून उन्हाकडं केला, एक पाह्यला, दुसरा पाह्यला. तो हासून राह्यला होता, गुदगुल्या होत होत्या त्याले. इतका साफ कान मी कधी पाह्यला नव्हता. गुलाबी, कोवळा, काहीच नाई अंदर. तिथं बसूनच मी रडली, उघड्यावर, सगळ्याईच्या पुढं, अन् काकू म्हणे, मशीन सुधारली तं हे रडून राह्यली.

आता पियुष सहा वर्षाचा आहे. वर्ध्याले अशा लेकराईची शाळा आहे, तिथं जाते, नालवाडीले माह्या मावशीकडं राह्यते. शनवारी मी आणायले जाते, सोमवारी सोडते, अन् सोमवारची एसटी मले यमासारखी वाटते. त्याच्या दोन्ही कानाले मशीन आहे. ती बी खरखरते, कधी शिट्टी मारते, कानात नीट बसली नाई की कुई कुई करते, अन् आता तो आवाज घरात कोणालेच सहन होत नाई. सण असला की सासू म्हणते, काढ ते याच्या कानातलं, पाहुणे पाहतात. मी नाई काढत. ज्या दिवशी ती पयल्यांदा लावली, दवाखान्यातल्या बाईनं मागून नुसती टाळी वाजवली, तं माहं पोरगं एवढं भेलं, एवढं भेलं, की माह्या गळ्याले मिठी मारून सारा दवाखाना डोक्यावर घेतला त्यानं. तिथल्या बाया त्याले चूप करून राह्यल्या होत्या. मी म्हणलं, रडू द्या जी. तो दचकला होता. माह्या पोराचं पयलं दचकणं होतं ते.

त्या बाईनं विचारलं, इतके दिवस काय केलं, अजून लवकर आणलं असतं तं अजून बरं झालं असतं. काय सांगू, कापूस विकायचा होता?

तो मा म्हणते. पानी म्हणते, पण अर्धंच. बापाले हाक मारते तं बाप घाईघाईनं बाहीर जाते, अन् मले माहीत आहे, डोळे पुसायले जाते.

भाऊजीचं तेव्हा ठरत आलेलं लग्न मोडलं. दुसऱ्या वर्षी दुसरीकडं झालं, चांगली आहे माही देवरानी, तिचं लेकरू ऐकते, बोलते, साऱ्या घराले नाचवते. पण सासूच्या तोंडी अजून तेच, की हिच्या जिभेनं घर बुडवत आणलं होतं. त्या हंगामात नवरा माह्याशी बोलला नाई. मी एकटीच पोराले काखेत मारून पुलगावच्या स्टँडवर उभी राह्यली होती, वर्ध्याच्या गाडीसाठी, अन् कोणी आडवं बी आलं नाई, कोणी संग बी आलं नाई. दोनातलं काय जास्त दुखलं, हे अजून ठरवता येत नाई मले.

हे सगळं ज्या दिवसानं झालं, तो संक्रांतीनंतर सोयरे घर पाहायले आले तो दिवस. ओसरीत सतरंजी टाकलेली, पिलेअर त्या दिवसापुरता तिथं आणून नव्या सीडीवर लावलेला, एक खरखर नाई, माणसं सुपारी कातरत गाण्याची तारीफ करून राह्यलेली. पोरीचा फोटो त्याईनं संग आणला होता. माह्याच वयाची, मोठे मोठे डोळे, फोटो काढणाऱ्याले भेलेली. पियुषले सासूनं मधल्या खोलीत कापसावर बसवून कडी लावली होती. रडन तं आवाज बाहीर येणार नाई, तिले बी माहीत होतं ते.

पोरीची मावशी घर पाहत पाहत अंदर आली. घर पाहायले आलेल्या बाईले कोणती कडी काढू नको म्हणणार? तिनं काढली. पियुष पाठमोरा बसलेला, सरकी सोलून तोंडात घालून राह्यला होता. तिनं म्हणलं, बाळा. मंग जरा जोरात, बाळा. मंग हातातल्या बांगड्या वाजवल्या. मी सैपाकाच्या खोलीतून सगळं पाहून राह्यली होती, चहाचं पातेलं सांडशीत धरलेलं, ते खाली ठेवाव की वर धराव हे बी सुचत नव्हतं. ती माह्याकडं आली. वय झालेली बाई, हळू बोलली, जसं आपल्याच लेकीले विचारावं.

"बाई, पोराले ऐकू येते ना?"

तिच्या मागं दारात सासू येऊन उभी राह्यली होती. हात जोडलेले नव्हते तिचे, पण डोळे जोडलेले होते. त्या बाईच्या पदरात तिच्या बहिणीची पोरगी होती, सासूच्या पदरात तिचा पोरगा होता, अन् माहा माह्याकडं पाठ करून कापसात बसला होता. साऱ्या हंगामात सगळ्याईनं मशीनीले विचारलं, तुले काय झालं. माह्या पोराबद्दल कोणीतरी पयल्यांदा विचारत होतं, अन् ती परकी होती.

मी म्हणलं, नाई येत.

अजून मले रोज विचारतात, घरात बी, अन् माह्या मनात बी, की एक दिवस जीभ दाबली असती तं काय झालं असतं. सांगा ना, तुम्ही बी लेकराईच्या मायाच असान. तुम्ही त्या चुलीपाशी असत्या, अन् तिनं असं हळू विचारलं असतं, तं तुम्ही काय म्हणलं असतं?